‘आपण तुम्हाला धुतलं’?

प्रश्न असा आला आहे: मुंबई इंडियन्स जिंकली की कुणी ‘आपण जिंकलो’ लिहितं, कुणी ‘आम्ही जिंकलो’. बरोबर काय?

दोन्ही. वाचणारा मुंबईवाला असेल तर ‘आपण’, चेन्नईवाला असेल तर ‘आम्ही’. ‘आपण’मध्ये समोरचा धरलेला असतो, ‘आम्ही’तून वगळलेला. माझा संताप होतो तो ‘आपण तुम्हाला धुतलं’ या वाक्याने, आणि ते प्रत्येक आयपीएलला दिसतं. अहो, ‘आपण’ म्हटलंत की ‘तुम्ही’ त्यात आलेच, मग धुतलं कुणाला? मुंबईच्या हिंदीतल्या ‘अपुन’ची ही लागण असावी.

‘आपण’ आला ‘आत्मन्’वरून, ‘आपण होऊन’ म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून आहे. ‘आपला’ हा ‘आप्त’पासून आला असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी ‘सप्त’चं काय झालं ते पाहावं. सप्त, सत्त, सात. त्याच वाटेने ‘आप्त’चा ‘आत’ झाला असता, ‘आप’ कधीच नाही!

‘त्म’चा ‘प्प’ होतानाची मधली पायरी तर गिरनारच्या खडकावर कोरलेली आहे. अशोकाच्या १२व्या लेखात ‘आत्पपासंड’ म्हणजे स्वतःचा पंथ, आणि त्याच्यासमोर ‘परपासंड’. आत्म, आत्प, अप्प, आप. प्रसंग नसताना आपल्या पंथाचा उदोउदो आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, असं तो लेख बजावतो. हीच ‘आप’ आणि ‘पर’ची जोडी आपल्या ‘आपपरभावा’त नांदते आहे. मला तर हे वाचून त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

‘आपण-आम्ही’ ही वाटणी द्राविडी शेजाऱ्यांकडून आली, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेलुगूत मनमु-मेमु आहे, तमिळमध्ये नाम्-नांगळ् आहे, हे खरंच. पण सगळं श्रेय तिकडे देणं मला मुळीच पटत नाही. ‘आत्प’ सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच ‘आपल्या गोटातला’ या अर्थाला पोचला होता. शेजाऱ्यांनी फार तर त्याला सर्वनामांत जागा दाखवली. गुजरातीतही ‘आपणे’ आणि ‘अमे’ वेगळे आहेत, आणि गिरनार गुजरातेतच आहे.

उलट प्रमाण कन्नडात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ दोन्हींसाठी ‘नावु’ एकच. बंगळुरूचा चाहता ‘ई साला कप नम्दे’, यंदा कप आमचाच किंवा आपलाच, असं वर्षानुवर्षं लिहीत आला. २०२५मध्ये तो कप मिळालाही. पण त्या ‘नम्दे’त वाचणारा धरलाय की वगळलाय, हे शब्दावरून कळत नाही.