होडीआधी गल्लीची पाणीखूण

गणपतीच्या वर्गणीतले थोडे पैसे मंडळाकडे उरलेत, त्यातून पुरासाठी रबरी होडी आणि लाइफ जॅकेटं घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. गल्ली नाशिकच्या दहीपुलाजवळची आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: होडी घेऊ नका. बोळात पाण्याला ओढ असते आणि पाण्याखाली चेंबरची झाकणं उघडी पडलेली असतात, ती दिसत नाहीत. प्रशिक्षण नसलेली पोरं त्यात उतरवली तर अग्निशमन दलाला आधी त्यांनाच बाहेर काढावं लागेल. मंडळानं करायचं काम पाणी यायच्या आधीचं आहे, आणि त्याला पैसे फार लागत नाहीत.

तुमच्याकडे पाणी कसं येतं ते आधी बघा. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर चढला की गावातून वाहणाऱ्या सरस्वती नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, मागे फुगतं. त्याच वेळी गावात पाऊस चालू असेल तर त्याला जायला वाटच राहत नाही. म्हणून सराफ बाजार, दहीपूल या भागात नदी घाट चढून येण्याआधीच गटारं उलटी वाहू लागतात आणि तळमजल्याच्या मोरीतून, संडासातून पाणी वर येतं. दारात वाळूची पोती रचून बसलेल्या माणसाला ते मागच्या मोरीतून गाठतं. वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर घट्ट बसवून ठेवा. पोती दारात लावायचीच, पण ती त्यानंतर.

आता मुख्य काम. १९ सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ हे तिन्ही पूर पाहिलेली माणसं तुमच्या गल्लीत नक्की आहेत. त्यांना एकत्र बसवा आणि प्रत्येक पुरात पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या ओट्याला लागलं होतं ते विचारा. दोघांचं जमत नसेल तर तिसऱ्याला विचारा, जुने फोटो काढा. मग तिथे ऑइल पेंटनं रेघ आणि साल लिहा. त्या त्या वेळी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी होतं आणि गोदावरीवरच्या होळकर पुलाखालून किती क्युसेक (प्रवाहाचं माप) पाणी जात होतं, हे रेघेशेजारी मांडता आलं की तुमच्या गल्लीचं स्वतःचं मोजमाप तयार झालं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं ही बातमी सगळं नाशिक ऐकतं. पण त्या वेळी आपल्या ओट्यापासून पाणी किती लांब असतं, हे गल्लीगल्लीला वेगळं आहे. ते बाहेरचा कुणी सांगू शकणार नाही.

आकडा ऐकताना एक घोळ हमखास होतो. गंगापूर धरणाचा विसर्ग वेगळा आणि होळकर पुलाखालचा प्रवाह वेगळा. धरणाच्या खाली आळंदी नदी येऊन मिळते, शहरातलं पावसाचं पाणीही भरीला पडतं, त्यामुळे पुलाखालचा आकडा पुष्कळदा मोठा असतो. तुम्ही पुलाचा धरा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, एवढं पोरांना समजावलं की पाच हजार आणि पंचवीस हजार यांतला फरक त्यांच्या अंगावर येतो. नासर्डी किंवा वाघाडी या छोट्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी मात्र धरणाच्या बातमीवर विसंबू नये. तिथे जवळपास झालेल्या जोरदार पावसाचं पाणी बघता बघता येतं.

खुणा झाल्या की प्रत्येक खुणेला एक काम आणि एक नाव जोडा. पहिल्या खुणेला तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना माडीवर न्यायचं, त्यांची औषधं आणि चष्मा बरोबर घ्यायचा. कोण नेणार ते आजच ठरवा. दुसऱ्या खुणेला मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद आणि सिलिंडर बांधून ठेवायचं, नाहीतर ते तरंगत जातं. दुकानदारांनी माल हलवायचा तो याच्याही आधी. मीटर जिन्याखाली असतील तर पावसाळ्याच्या आधी वर चढवून घ्यायचा अर्ज सगळ्यांनी मिळून वीज कंपनीला द्या. मंडळाचे पैसे खर्चायचेच असतील तर बॅटऱ्या, दोरखंड, शिट्ट्या आणि ब्लीचिंग पावडर यावर खर्चा. पाणी ओसरल्यावर चिखलात अनवाणी फिरू नका. पायाला जखम असेल आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय त्यावरून घेतला जातो. साफसफाईच्या आधी फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला ते लागतात.

वाड्यांचा विषय तुमच्या प्रश्नात नाही, तरी मला तो पुराहून जास्त काळजीचा वाटतो. जुन्या नाशकातल्या मातीच्या भिंती पाणी पिऊन जड होतात आणि पाऊस थांबल्यावरही बसतात. नवीन तडा, दार अचानक घट्ट होणं, भिंतीचं पोट बाहेर येणं, तुळईतून माती गळणं यातलं काहीही दिसलं तर ती खोली त्याच दिवशी रिकामी करायची. भाडेकरू निघत नाहीत कारण एकदा बाहेर पडलं की हक्क जाईल अशी भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. तिथे नुसता उपदेश कामाचा नाही. मालक, भाडेकरू आणि मंडळाची दोन माणसं बसून तात्पुरतं बाहेर पडण्याबद्दल लेखी करा, खोलीचं माप आणि भाडेपावत्या त्याला जोडा, जमल्यास वकिलाकडून तपासून घ्या. रात्री झोपायला जवळच्या शाळेचा एखादा वर्ग किंवा कार्यालय मिळेल का, हे मे महिन्यातच विचारून ठेवा.

बैठक घ्याल तेव्हा बायकांना नुसतं बोलावू नका, कामं त्यांच्याकडे द्या. दुपारी पाणी चढलं तर गल्लीत बहुतेक त्याच असतात, आणि कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. यादी कागदावर करा आणि तीन घरांत ठेवा. वीज गेली की मोबाइल फार वेळ पुरत नाहीत. १०१, १०८ आणि ११२ हे नंबर त्याच कागदावर वर लिहा, मनपाच्या विभागीय कार्यालयाचा चालू नंबर खात्री करून त्याखाली.