अंदाजाच्या चुका चारचौघांत मांडा

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीत मागणीचे अंदाज काढते. या विषयावरच्या परिषदांना जाऊन खरंच काही हाती लागतं का?

लागतं, पण नुसती भाषणं ऐकून नाही. सोबत एक पान न्या. त्यावर एकाच उत्पादनाचे वर्षभराचे अंदाज, प्रत्यक्ष विक्री आणि तिसऱ्या रकान्यात ‘मागच्या महिन्याइतकीच विक्री होईल’ असा साधा अंदाज. (मागणी हंगामी असेल तर गेल्या वर्षीचा तोच महिना धरा.) तुमचा आकडा या साध्या अंदाजापेक्षा खऱ्या विक्रीच्या जवळ जातो का? हा रकाना अनेक जण कधी भरतच नाहीत. त्रयस्थ जाणकाराची नजर मात्र थेट तिथेच जाते. ‘मार्चचा आकडा कोणी वाढवला, आणि का?’ हा ऑफिसात कोणी न विचारलेला प्रश्न तो विचारतो.

आपलं क्षेत्र अशा उघड तुलनेतूनच पुढे आलं. अंदाजशास्त्राचे अभ्यासक स्पायरोस मक्रिडाकिस यांच्या ‘एम’ या अंदाज-स्पर्धांमध्ये सगळ्यांना एकच माहिती मिळते आणि अंदाज प्रत्यक्ष आकड्यांशी ताडले जातात. तिसऱ्या स्पर्धेत काळानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या ३,००३ मालिका होत्या. किचकट पद्धत साध्या पद्धतीहून सरस ठरेलच असं नाही, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालांत दिसलं. २०२०च्या पाचव्या स्पर्धेत, वॉलमार्टच्या विक्रीवर, मशीन लर्निंगने, म्हणजे संगणक जुन्या आकड्यांतून स्वतःच शिकतो अशा पद्धतींनी, बाजी मारली. म्हणून दुसऱ्याची पद्धत जशीच्या तशी उचलू नका, आपल्या आकड्यांवर चालवून बघा.

प्रश्न : आमच्या मासिक बैठकीत विक्री, वित्त आणि उत्पादन असे तीन आकडे येतात. शेवटी साहेब म्हणतील तोच ठरतो. उपाय काय?

बैठकीआधी प्रत्येकाकडून आकडा आणि त्यामागचं कारण लेखी घ्या, नावं झाका, मगच चर्चा करा. डेल्फी पद्धतीचा गाभा हाच आहे. साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावं, हे त्यांना आधी एकट्यात पटवा. तिन्ही आकड्यांची सरासरीही काढून ठेवा. दोन अंदाज एकत्र केले तर चूक दोन्हींपेक्षा कमी होऊ शकते, हे बेट्स आणि ग्रेंजर या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं. विक्री विभागाचा आकडा टार्गेट आहे की अंदाज, हे मात्र आधी स्पष्ट करून घ्या. टार्गेट सरासरीत घेऊ नका.

आणि संगणकाने काढलेल्या अंदाजात हाताने केलेले किरकोळ फेरफार थांबवा. चार कंपन्यांच्या साठ हजारांहून अधिक अंदाजांच्या अभ्यासात छोट्या बदलांचा फारसा फायदा दिसला नाही. आकडा वाढवणारे बदल तर कमी करणाऱ्या बदलांपेक्षा जास्त फसले होते.

प्रश्न : कंपनीची माहिती गोपनीय आहे. मग बाहेरच्यांशी काय बोलणार?

पहिला महिना १०० धरून बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडा, उत्पादनाचं नाव काढा, आणि कंपनीची परवानगी घ्या. स्पर्धकांशी पुढच्या किमती किंवा उत्पादनाच्या योजनांवर अजिबात बोलू नका, कायद्याने अडचणीत याल. वेगळ्या उद्योगातले चार-पाच जण जमवा. काही महिन्यांत विक्री शून्य असेल तर टक्केवारीतली चूक काढताच येत नाही, तिथे नगांमधली सरासरी चूक साध्या अंदाजाच्या चुकीशी ताडा.