नाकात जिवाणू निघाला, आता काय?

प्रश्न : सासूबाई 71 वर्षांच्या. गुडघा बदलण्याआधी नाकाचा स्वॅब घेतला, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला. सर्दी-ताप काही नाही. म्युपिरोसिन मलम दिलंय. ऑपरेशन पुढे ढकलावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्या कारणावरून सहसा ढकलत नाहीत. हे इन्फेक्शन नव्हे. साधारण चार माणसांमागे एकाच्या नाकात हा जिवाणू मुक्कामाला असतो आणि बहुतेकांना त्याचा त्रास कधीच होत नाही. धोका ऑपरेशनच्या वेळचा: नाकातून हाताला, हातावरून कातडीला, तिथून जखमेत. कृत्रिम सांध्यावर त्याचा चिकट थर बसला की अँटिबायोटिक आत नीट पोचत नाही. मग कधी कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली हाडांच्या आणि हृदय-छातीच्या ऑपरेशनआधी अशा रुग्णांना 2 टक्के म्युपिरोसिन द्यायला सांगितलं.

नेहमीची पद्धत दिवसातून दोनदा, 5 दिवस. आधी नाक हलकेच शिंकरून घ्यायचं. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं मलम कापसाच्या काडीवर घेऊन नाकपुडीच्या पुढच्या भागात आतून लावायचं, दुसऱ्या नाकपुडीलाही तसंच. मग नाक चिमटीत धरून मिनिटभर दाबत-सोडत राहायचं, म्हणजे ते पसरतं. काडी खोल घालू नका. या जिवाणूचा मुख्य अड्डा नाकाच्या तोंडाशीच असतो. ट्यूबवर ‘नेझल’ लिहिलंय का बघा. कातडीसाठीच्या मलमाचा बेस बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असतो, तो नाकात झोंबतो, आणि झोंबलं की पेशंट दुसऱ्याच दिवशी मलम बंद करतात. नेझल ट्यूब मिळाली नाही तर सर्जनना विचारा, दुकानदाराला नको.

सोबत 4 टक्के क्लोरहेक्सिडिनची अंघोळ सांगितली असेल तर डोळे आणि कान सांभाळा, नंतर अंगाला तेल-पावडर लावू नका. हे 5 दिवस ऑपरेशनला लागून यायला हवेत. महिनाभर आधीच उरकलं तर जिवाणू परत येऊ शकतो. उलट, खबरदारी म्हणून महिनोन्‌महिने लावत बसलं तर मलमाला दाद न देणारा वाण तयार होतो. रिपोर्टमध्ये ‘एमआरएसए’ (म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा हाच जिवाणू) असेल तर भूलतज्ज्ञांच्याही कानावर घाला. ऑपरेशनआधी द्यायचं अँटिबायोटिक त्यानुसार ठरतं.

प्रश्न : वडील 76 वर्षांचे. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला होता. घरात अडीच वर्षांची नात आहे. तिच्याकडून आला असेल का? वडिलांच्या नाकाचा स्वॅब आता निगेटिव्ह आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण शक्यता आहे. न्यूमोनियाचा एक नेहमीचा जिवाणू, न्यूमोकोकस, लहान मुलांच्या नाकामागे सर्रास सापडतो, मोठ्यांत बराच कमी. मात्र उतारवयात नुसत्या नाकाच्या स्वॅबवर विसंबू नये. जिवाणूंची संख्या थोडी असते, त्यामुळे कल्चरमध्ये (जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत) ते निसटतात. घशाचा स्वॅब किंवा लाळ घेऊन पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) केलं तर जास्त सापडतात. त्यातही गोम आहे. तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकस मायटिससारख्या भाऊबंदांमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

संशोधनाला हे सगळं लागतं, घरच्या माणसाला नाही. लक्षणं नसताना न्यूमोकोकस सापडला तरी औषध देत नाहीत. मिठाच्या गुळण्यांनी घशाला बरं वाटतं, जिवाणू जात नाही.

नातीच्या कार्डावर पीसीव्हीचे, म्हणजे न्यूमोकोकसच्या लशीचे, डोस झालेत का ते बघा: सरकारी वेळापत्रकात 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिने. लस घेतलेल्या मुलांच्या नाकात लशीतले प्रकार कमी आढळतात, त्याचा आडून फायदा आजोबांना होतो. पण या जिवाणूचे 100 हून अधिक प्रकार आहेत, तेव्हा वडिलांनाही त्यांची लस हवी: पीसीव्ही-20 चा (आकडा म्हणजे लशीतले प्रकार) एकच डोस, किंवा पीसीव्ही-15 आणि साधारण वर्षभराने 23 प्रकारांची. प्रतिकारशक्ती कमी असेल तर हे अंतर डॉक्टर कमी करतात. नेदरलँड्समध्ये 65 वर्षांवरच्या सुमारे 85 हजार लोकांवर पीसीव्ही-13 ची चाचणी झाली (निष्कर्ष 2015). लशीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे 46 टक्क्यांनी घटला.

प्रश्न : आजोबा कवळी लावूनच झोपतात. चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. कवळीवरच्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि झोपेत लाळ थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. रात्री कवळी काढून मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासा. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि त्यात घाण साठते. मग साध्या पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते आणि सकाळी बसत नाही. हिरड्या, टाळू आणि जीभही ओल्या फडक्याने पुसून घ्या.