वडिलांनी नातलगांना दिलेली उधारी त्यांच्या पश्चात वसूल करावी का? आमच्या अण्णांची निळी वही

तुम्ही लिहिलंय की वडील गेल्यावर दुकानाच्या कपाटात एक जुनी वही सापडली आणि तिच्यात वीस-बावीस नातलगांची उधारी निघाली. धाकटा भाऊ म्हणतो वसूल करू, आई म्हणते वही कृष्णेत सोडून द्या. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, आयुष्यभर नातलगांना देत बसलेला माणूस चांगला व्यापारी म्हणायचा का?

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणाऱ्या पेढीवर बसतो. ही पेढी माझ्या आजोबांनी गणपती पेठेत सुरू केली, नंतर ती मार्केट यार्डात आली. चाळीसेक वर्षं तिची गादी माझ्या थोरल्या काकांनी, अण्णांनी, सांभाळली. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. तुमचा प्रश्न वाचला आणि तो मलाच कुणीतरी विचारलाय असं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्या धंद्यात पैसा कसा फिरतो ते सांगायला हवं, त्याशिवाय अण्णांचं मोठेपण कळणार नाही. शेतकरी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावतो, आठ-नऊ महिन्यांनी काढतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि पोती घेऊन अडत्याच्या दारात येतो. सौदा होतो, वजन होतं, शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी आणि पैसे पडतात. माल घेणारा व्यापारी मात्र अडत्याला पैसे देतो पुढं कधीतरी, पंधरा दिवसांनी, महिन्यानं. मधलं अंतर अडत्यानं आपल्या भांडवलावर पेलायचं. त्यामुळे हंगामात गल्ल्यात रोकड दिसते खरी, पण ती आपली नसते. आणि नेमकी लग्नसराईही त्याच दिवसांत! जानेवारी ते मे हळदीचा हंगाम, त्याच महिन्यांत भावकीतली निम्मी लग्नं. म्हणजे नातलग पैशासाठी दारात यायचे तेव्हा अण्णांचा हात सगळ्यात जास्त अडकलेला असायचा.

म्हणून त्यांनी दोन वह्या केल्या होत्या. लाल वही पेढीची. तिच्यातला पैसा शेतकऱ्याचा, हमालांच्या मजुरीचा, तोलाईचा. त्याला घरच्या कुठल्याही कारणासाठी हात लावायचा नाही. निळी वही त्यांची स्वतःची. दर महिन्याला पेढीतून स्वतःच्या वाट्याची जी रक्कम उचलायचे, तिच्यातूनच नातलगांचं सगळं चालायचं. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात बाबांनी गल्ल्यातून चार दिवसांसाठी पैसे मागितले होते. अण्णा म्हणाले, "ते कडेगावच्या माणसाचं हायेत, आपलं न्हवं." आणि उठून स्वतःच्या हातातली अंगठी काढून दिली. बाबांना तेव्हा राग आला होता. मला आजही वाटतं, त्या दिवशी अण्णांचंच बरोबर होतं.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. हळदीच्या ढिगात क्वचित एखादं लेकुरवाळं हळकुंड निघतं, म्हणजे मधल्या गाठीला बाजूची पोरं तशीच चिकटून राहिलेली असतात. लग्नकार्यात त्याला मान. अण्णा सौद्याआधी ढिगावरून हात फिरवताना अशी हळकुंडं बाजूला काढायचे, शेतकऱ्याला त्याचे वेगळे पैसे मोजायचे आणि कोटाच्या खिशात ठेवायचे. भावकीतलं असो, हमालाच्या घरचं असो, पेढीवर झाडू मारणाऱ्या मावशींच्या पोरीचं असो, त्यांच्या माहितीतल्या एकाही लग्नात पाच लेकुरवाळी हळकुंडं पोचली नाहीत असं झालं नाही. त्या कोटाला अजून हळदीचा वास येतो.

हमालांवरून पेवाची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठाराची, गोष्ट आठवली. आता कोल्ड स्टोअरेज आली, पण सांगलीच्या हळदीला जी ओळख मिळाली (२०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं), तिच्यात हरिपूर आणि सांगलवाडीकडच्या पेवांचा वाटा मोठा. इथल्या घट्ट मातीत दोन-तीन पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट घागरीसारखं फुगीर. आतून सारवायचं, उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड दगडमातीनं बंद करायचं. हवा जात नाही म्हणून कीड लागत नाही, वर्षानुवर्षं माल टिकतो. पण हवा नाही म्हणजे माणसालाही हवा नाही. पेव उघडल्यावर कित्येक तास तसंच ठेवावं लागतं, मग कंदील सोडून बघायचं. कंदील विझला तर आत उतरायचं नाही.

मी तेव्हा नववीत होतो. हरिपूरच्या वाटेवर, चिंचेच्या झाडांच्या पुढं, आमच्या मालाचं पेव उघडायचं होतं. ट्रक दारात उभा. व्यापाऱ्याची घाई, ड्रायव्हरची घाई, आणि एक तरुण हमाल म्हणाला, मी दम धरून उतरतो, दहा मिनिटांचं काम आहे. अण्णांनी कंदील सोडला. विझला. तासाभरानं परत सोडला. परत विझला. व्यापाऱ्याचा माणूस चिडून बोलायला लागला तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी घोंगडं घेतलं, पेवाच्या तोंडाला लागून अंथरलं आणि वाट अडवून बसले. "ट्रक जाऊ दे. ट्रक उद्या बी येतोय." ट्रक गेला आणि तो व्यवहारही मोडला. संध्याकाळी सायकलवरून परत येताना त्यांनी मला एवढंच विचारलं की त्या पोराच्या घरात कोण कोण आहे ते तुला माहीत आहे का. मला माहीत नव्हतं. त्यांनी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं.

आता निळ्या वहीकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिचाच आहे.

माझी एक आत्या लवकर विधवा झाली. दोन मुलं, शेत थोडं. अण्णांनी तिला मुलांच्या शिक्षणासाठी पैसे दिले. दर उन्हाळ्यात आत्या शेवयांचा डबा घेऊन पेढीवर यायची, आणि अण्णा तो डबा तिच्यासमोर, चार शेतकऱ्यांसमोर, काट्यावर ठेवायचे. वजन करायचे. मला लहानपणी याची फार लाज वाटायची. सख्ख्या बहिणीच्या शेवया कुणी तोलतं का? मी त्या वेळी त्यांना मनातल्या मनात कंजूष म्हणायचो.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या ४५ फुटांच्याही कितीतरी वर. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं. बोटीत बसताना अण्णांनी, वय ८१, फक्त वह्यांची पिशवी घेतली, औषधंसुद्धा विसरले. वह्या भिजल्याच. विश्रामबागेत एका आतेभावाच्या घरी मी एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवत बसलो, आणि निळी वही आयुष्यात पहिल्यांदा वाचली.

आत्याचं पान होतं. नावे बाजूला रक्कम. जमा बाजूला ओळीनं, वर्षामागून वर्ष: शेवया, अमुक किलो, त्या वर्षीचा बाजारभाव, रक्कम. कुठं सांडगे, कुठं कुरड्या, एका वर्षी दोन पायली शाळू. सोळाव्या वर्षी खाली रेघ मारून लिहिलं होतं, "खातं बेबाक." म्हणजे देणं पुरतं फिटलं. त्यापुढंही शेवया यायच्या, पण त्या वहीत नव्हत्या. बेबाक झाल्यावरच्या शेवया भाऊबहिणीच्या होत्या, त्या तोलल्या नव्हत्या. मग मला आठवलं की खरंच, मी मोठा झाल्यावर काट्यावर डबा कधी पाहिला नव्हता.

मी अण्णांना विचारलं, इतकं कशाला करत बसलात, बहीणच होती. ते म्हणाले, "फुकट दिलं की माणूस मान खाली घालून येतंय, आणि मग यायचंच बंद होतंय. मला आक्का यायला पायजे होती."

तुमचे वडील काय विचारानं लिहीत होते ते मला सांगता येणार नाही. पण लिहीत होते, हे महत्त्वाचं आहे. ज्याला सोडूनच द्यायचं असतं तो सहसा लिहून ठेवत नाही. म्हणून वही नदीत सोडायच्या आधी जमेची बाजू नीट बघा. तिथं विचित्र वाटणाऱ्या नोंदी असतील तर त्या आईला वाचून दाखवा, त्यांना अर्थ माहीत असेल. भावालाही हे सांगा की अशा उसनवारीचा दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षांची असते, त्यामुळे जुन्या रकमांसाठी नोटिशीची भाषा करण्यात फारसा अर्थ नाही आणि नाती तेवढी जातील. आणि वडिलांनी घाऊक व्यापाऱ्याचं काही देणं ठेवलं असेल तर आधी ते भागवा.

व्यापारी म्हणून अण्णा चांगले होते का? २००५ सालची गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा. त्या पुरात पेवांत पाणी गेलं. पाणी ओसरल्यावर पेवं उघडली तेव्हा आत काळा चिखल होता, हरिपूरच्या रस्त्यावर कित्येक दिवस तो वास होता. आमच्याकडच्या अकरा शेतकऱ्यांचा माल त्यात गेला. माल त्यांचा, पेव भाड्याचं, रीतीप्रमाणे नुकसान त्यांचं. पण "भाव वाढंल, थांबा" असं अण्णांनी त्यांना सांगितलं होतं. अण्णांनी त्या दिवसाच्या भावानं निम्मी रक्कम प्रत्येकाला दिली, दोन वर्षांत, हप्त्यांनी. त्यासाठी विश्रामबागेतला प्लॉट विकला. तो प्लॉट काकूंच्या घरासाठी घेतलेला होता.

पुढच्या हंगामात भांडवल नव्हतं. तेव्हा निळ्या वहीतली माणसं आली. आत्याच्या थोरल्या मुलानं पतसंस्थेतली ठेव मोडली, तो पेवापाशी अडवलेला हमाल, आता मुकादम झालेला, त्यानं टोळीतल्या लोकांना महिनाभर उशिरा मजुरी घ्यायला तयार केलं. अण्णांना ते पटलं नाही, त्यांनी पंधरा दिवसांत चुकती केली. दोघं नातलग आले नाहीत. त्यांची खाती मोठी होती आणि परिस्थितीही चांगली होती. त्यांच्या मुलांच्या लग्नात अण्णांनी पाच-पाच लेकुरवाळी हळकुंडं नेऊन दिलीच. मी असतो तर गेलो नसतो.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या बाजूनं बोलणार नाही. प्लॉट विकताना त्यांनी काकूंना विचारलं नाही. रजिस्ट्रीच्या आदल्या रात्री सांगितलं. काकू आजही म्हणतात, "मी नको म्हटलं नसतं. पण मला विचारायचं होतं." पेढीचा पैसा शेतकऱ्याचा म्हणून जो माणूस चार दिवसांसाठीही काढत नव्हता, त्यानं घराचा पैसा काकूंचाही आहे हे वहीत कुठं लिहिलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात अण्णांनी काकूंची माफी मागितली. काकूंनी केली का, मी विचारलं नाही. म्हणून तुम्हालाही सांगतो, त्या वहीचं काय करायचं ते भावाशी बोलून ठरवू नका, आईशी बोलून ठरवा. त्या "सोडून द्या" म्हणतात त्यामागं त्यांचाही काही हिशेब असेल, तो आधी ऐका.

निळी वही आता काकूंकडे असते. गेल्या पाडव्याला त्यांनी तिची पूजा केली आणि त्यानंतर पंधरा दिवसांत आत्याचा नातू नर्सिंगच्या फीसाठी आला. काकूंनी चष्मा लावून, अण्णांच्याच पद्धतीनं, नवं पान काढलं आणि नावे बाजूला रक्कम लिहिली. चैत्रात त्याच्या आईनं शेवयांचा डबा पाठवला. काकूंनी मला पेढीवर फोन केला आणि विचारलं, "बाजारात सध्या शेवयाचा काय भाव चाललाय रे?"