टीसी म्हणजे गहाणवस्तू नव्हे

प्रश्न : मी इंदूरची. पती लष्करात हवालदार आहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांची महूहून जालंधरला बदली झाली. मुलगी सहावीत आणि मुलगा नववीत, एकाच खासगी शाळेत. ऑक्टोबरपर्यंतची फी भरलेली आहे, तरी मार्चपर्यंतची भरल्याशिवाय टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) देणार नाही असं शाळा म्हणते. युनिटचा क्लार्क म्हणतो, वर्षभराच्या पावत्या नसतील तर शिक्षण भत्ता विसरा. आम्ही दोन्हीकडून बुडायचं का?

उत्तर : ताई, भत्त्याचं आधी सांगतो, कारण तिथे भांडायचं फारसं काही नाही. केंद्र सरकारच्या 17 जुलै 2018 च्या आदेशानुसार या भत्त्याची रक्कम ठरलेली आहे. तुम्ही प्रत्यक्षात फी किती भरली, याच्याशी तिचा संबंध नाही. 1 जानेवारी 2024 पासून एका मुलामागे महिना 2,812.50 रुपये, म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला 67,500. मूल त्या वर्षी शाळेत शिकत होतं, एवढा मुख्याध्यापकांचा दाखला पुरतो. तो मिळालाच नाही, तर प्रगतिपुस्तक किंवा पूर्ण वर्षाच्या पावत्या. क्लार्कनं हा पर्याय तेवढा वाचला आणि त्यालाच नियम समजला. तुमची मुलं यंदा दोन शाळांत शिकतील, म्हणून दोन्हीकडून तारखांसह हा दाखला, म्हणजे बोनाफाइड, घ्या. मुलगा पुढे आजीकडे इंदुरातच ठेवायचा ठरला, तरी तेवढ्यानं भत्ता जात नाही.

आता टीसी. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 सांगतं की मुख्याध्यापकांनी ती ताबडतोब द्यावी, उशीर केल्यास शिस्तभंगाची कारवाई, आणि टीसी यायला वेळ लागला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवू नये. वाचायला छान आहे. पण शाळेचा वकील त्यात दोन फटी दाखवेल. हा कायदा 6 ते 14 वयाचा, आठवीपर्यंतचा, मुलगा त्याबाहेर. शिवाय बदलून जाण्याचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे, केंद्रीय विद्यालय आणि विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्या आहेत. तेव्हा मुलीसाठी कलम जरूर लिहा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

खरा मुद्दा साधा आहे. फी बाकी आहे की नाही हा पैशाचा वाद. शाळेला वाटलं तर तिनं वसुलीचा दावा करावा. त्यासाठी मुलांचा कागद अडवायचा नाही. मद्रास उच्च न्यायालयानं 2024 मध्ये हेच म्हटलं, की टीसी हे थकीत फी वसूल करण्याचं साधन नाही. तो निकाल मध्य प्रदेशात बंधनकारक नाही, पण अर्जात उल्लेख करा. शाळा असल्या कागदाला बिचकतात, हा माझा अनुभव.

अर्ज पतीच्या मूव्हमेंट ऑर्डरची, म्हणजे बदलीच्या लष्करी आदेशाची, प्रत जोडून द्या, सात दिवसांची मुदत लिहा, पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. त्याआधी प्रवेशाचा फॉर्म शोधून सत्र मध्येच सोडण्याबद्दल काय लिहिलंय ते पाहा. फी तिमाही असेल तर चालू तिमाहीची भरणं मला रास्त वाटतं. मार्चपर्यंतची मागणी मात्र नाही. तरीही शाळा हटली नाही, तर मुलांना घरी बसवून तत्त्वासाठी लढू नका. ‘हक्क राखून भरत आहे’ असं लेखी देऊन पैसे भरा, पावती घ्या, टीसी घ्या. मग जास्तीच्या रकमेसाठी 2017 च्या मध्य प्रदेश खासगी शाळा फी नियमन कायद्याखालच्या जिल्हा समितीकडे तक्रार करा. तिचे अध्यक्ष कलेक्टर असतात. ग्राहक आयोगात जा असं शेजारीपाजारी सांगतील. शिक्षण ही ग्राहक संरक्षण कायद्याखालची ‘सेवा’ आहे का, यावरच तिथे वर्षं जातात. मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही.

मुलाचं एक राहिलं. शाळा सीबीएसईची असेल तर नववीची नोंदणी बोर्डाकडे होते. ती झाली असल्यास नोंदणी क्रमांक टीसीबरोबरच मागून घ्या. आणि दोघांचे बोनाफाइड सामानाचा ट्रक भरायच्या आधी हातात हवेत. जालंधरहून एका शिक्क्यासाठी इंदूरला परत यायला कुणाला सुट्टी मिळणार?