शिडीच्या पायाखालची काडी

प्रश्न : वडिलांनी लग्नाआधी मुंबईहून आणलेलं चांद्रयानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल माळ्यावर सापडलं. खोक्यावर 'अपोलो ११' आणि १:४८ असं लिहिलंय. मागचा एक पाय गेलाय. बाजूच्या दोन पायांखाली बारीक काडी आहे, शिडीच्या पायाखाली नाही. पाय आणि काडी कशी करू? सगळं नव्याने रंगवू का? फोटो पाठवतोय.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : शिडीखाली काडी लावू नका. ती हरवलेलीच नाही! अपोलो ११च्या 'ईगल' या चंद्रावर उतरलेल्या यानाच्या तीनच पायांखाली अशा काड्या होत्या, जवळपास १.७ मीटर लांब. त्यातली एखादी चंद्राला टेकली की आत निळा दिवा लागायचा, मग इंजिन बंद करायचं. शिडीखालची काडी टेकताना वाकून वर आली तर उतरणाऱ्याचा पोशाख फाटेल, या भीतीने ती उड्डाणाआधीच काढून टाकली होती. मॉडेल करणाऱ्याने हे पाळलंय, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता पाय. दातांचं माप घ्यायची सिलिकॉन पुटी मिरजेत मिळेल, ओळखीच्या डेंटिस्टना विचारा. तिचे दोन्ही भाग सारखे मळून बाजूच्या पायाच्या तळाच्या थाळीवर दाबा. घट्ट झाली की अलगद सोडवा आणि त्या साच्यात एम-सील भरा. दांड्यांना सायकलचा स्पोक कापून घ्या. काडीला सतारीची तार उत्तम. सतारमेकर गल्लीत एवढासा तुकडा कुणीही देईल. १७० सेंटीमीटरला ४८ने भागा, साडेतीन सेंटीमीटर पुरे.

चिकटवायला अ‍ॅरल्डाइट वापरा. फेविक्विकच्या वाफेने प्लॅस्टिकवर पांढरी धुरी चढते. थिनर तर जवळही आणू नका, हे प्लॅस्टिक त्यात विरघळतं. धूळ ओल्या मऊ ब्रशने काढा, स्टिकर मात्र कोरडे ठेवा.

रंगवायचं म्हणाल तर, कृपा करून नको. फोटोत खालच्या भागावर सोनेरी रंगाचे ब्रशचे ओरखडे दिसतात, म्हणजे तो घरीच कुणीतरी दिलाय, बहुधा वडिलांनीच. खऱ्या यानाच्या त्या भागावर सोनेरी चकाकणारं पातळ वेष्टन होतं, हे त्यांना ठाऊक असणार. फक्त नवा पाय जुन्याशी जुळेल इतपत रंगवा आणि त्याच्या थाळीखाली सुईने दुरुस्तीचं साल कोरा, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही.

चिकटवल्यावर यान काचेवर ठेवा, चारही थाळ्या टेकतात का पाहा, आणि रात्रभर हलवू नका.