वाचकांचे प्रश्न : ‘नाकारणे’ आणि इंग्रजीतील चार क्रियापदे

प्रश्न : माझी मुलगी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करते. सदोष माल बदलून देण्यास पुरवठादार तयार झाला नाही, हे कळवताना तिने पत्रात ‘द सप्लायर डिनाइड टु रिप्लेस द मटेरियल’ असे लिहिले. वरिष्ठांनी ‘डिनाइड’ खोडून ‘रिफ्यूज्ड’ केले, परंतु कारण सांगितले नाही. शब्दकोशात दोन्हींपुढे ‘नाकारणे’ असेच दिले आहे आणि डिक्लाइन व रिजेक्ट यांच्यापुढेही तेच. मग या चार क्रियापदांत निवड कशी करावी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : वरिष्ठांनी केलेली दुरुस्ती बरोबर आहे. सांगितलेले किंवा मागितलेले काम ‘मी करणार नाही’ असे कोणी म्हटले, तर तेथे रिफ्यूज हवे आणि त्यानंतर ‘टु’ लावून क्रियापदाचे मूळ रूप यावे. डिनाय या अर्थाने वापरता येत नाही. डिनाय म्हणजे ‘हे घडलेले नाही’ किंवा ‘हे खरे नाही’ असे सांगणे. आपल्याकडे त्यासाठी नाकबूल करणे, इन्कार करणे असे नेमके शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात आपण सगळीकडे नाकारणे वापरतो आणि तेथेच गल्लत होते.

दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. ‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ आणि ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. पहिल्या वाक्यातील माणसापुढे कोणी पैसे धरले होते आणि त्याने ते घेतले नाहीत. दुसऱ्यातील माणसावर पैसे घेतल्याचा आळ आहे आणि ‘मी घेतलेच नाहीत’ असे तो म्हणत आहे. एक क्रियापद बदलताच एका माणसाची सचोटी दिसते, तर दुसरा संशयाच्या घेऱ्यात उभा राहतो. कार्यालयीन पत्रव्यवहारात हा फरक किती महागात पडू शकतो, हे वेगळे सांगायला नको. रचनेतला फरकही येथेच लक्षात ठेवावा : डिनायनंतर नाम येते, ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते किंवा ‘टेकिंग’सारखे रूप येते, ‘टु टेक’ येत नाही. उलट, रिफ्यूजनंतर ‘दॅट’ कधीही येत नाही.

डिनायचा आणखी एक अर्थ मात्र आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : एखाद्याला त्याच्या हक्काची किंवा गरजेची गोष्ट मिळू न देणे. या अर्थाचे उदाहरण वडोदऱ्याच्याच इतिहासात आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते, तेथून त्यांना जात कळल्यावर बाहेर काढण्यात आले. मग त्यांनी दोन परिचितांकडे विचारणा केली. त्यांनीच लिहून ठेवल्याप्रमाणे, एकाने ‘तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील’ असे सांगितले आणि दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. कमाटीबागेत काही तास बसून ते मुंबईच्या गाडीने परत गेले. ही हकिगत इंग्रजीत सांगताना ‘ही वॉज रिफ्यूज्ड शेल्टर’ असे म्हटले तरी व्याकरण चुकत नाही, पण त्यात कोणी तरी मागितले आणि कोणी तरी ‘नाही’ म्हटले, एवढेच येते. ‘ही वॉज डिनाइड शेल्टर’ म्हटले की जे द्यायला हवे होते ते दिले गेले नाही, हा अन्यायही त्यात येतो, मग प्रत्येकाने प्रत्यक्षात कोणते शब्द वापरले असोत. न्याय, प्रवेश, मताधिकार यांच्यासोबत डिनाय वारंवार दिसते, ते याच कारणाने.

डिक्लाइन हा सौजन्याचा नकार आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ बाजूला वळणे असा आहे. आमंत्रण, पद, पुरस्कार अशा पुढे केलेल्या गोष्टींसाठी ते शोभते. फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-पॉल सार्त्र यांनी १९६४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक स्वीकारले नाही, त्याबद्दल लिहिताना डिक्लाइन हे क्रियापद चपखल बसते. वरिष्ठांचा हुकूम मात्र रिफ्यूजच करावा लागतो, कारण हुकूम मोडण्यात सौजन्याला फारशी जागा नसते. आपल्या कन्येच्या पत्रात ‘डिक्लाइन्ड टु रिप्लेस’ असे लिहिले असते तरी चालले असते, फक्त पुरवठादार प्रत्यक्षात वागला त्यापेक्षा थोडा सभ्य वाटला असता.

रिजेक्ट म्हणजे पारखून बाजूला टाकणे, अर्थात फेटाळणे. अर्ज, प्रस्ताव, सदोष माल, हस्तलिखित यांना ते लागते. शस्त्रक्रियेने बसवलेले मूत्रपिंड शरीराने स्वीकारले नाही, तर तेही रिजेक्शनच. या क्रियापदानंतर ‘टु’ लावून दुसरे क्रियापद जोडता येत नाही.

शेवटी एक चूक, जी वडोदऱ्यात फार ऐकू येते. गुजरातीत ‘ना पाडी’ आणि हिंदीत ‘मना किया’ म्हटले की नकारही होतो आणि मनाईही. त्यामुळे डॉक्टरांनी गोड खाऊ नका असे सांगितले, की ‘डॉक्टर रिफ्यूज्ड मी टु ईट स्वीट्स’ असे वाक्य सहज तोंडून निघते. रिफ्यूज करणारा स्वतःच्या कृतीबद्दल ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्याला एखादी गोष्ट करू नको असे तो सांगत नसतो. येथे ‘द डॉक्टर टोल्ड मी नॉट टु ईट स्वीट्स’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. मनाई कडक असेल, तर फॉरबिड हे क्रियापद वापरावे.